पेठ जरा आखूड करा

दुकानं बंद पडून ओस होत चाललेली पेठ सावरायची, तर आधी ती ओस का पडली ते पाहावं. बाजाराच्या ओढीचा एक नियम अमेरिकी अभ्यासक विल्यम रायली यांनी १९३१ साली मांडला. दोन शहरांच्या मधल्या गावातलं गिऱ्हाईक कुठे वळेल, हे शहरांच्या लोकसंख्येवर आणि अंतराच्या वर्गावर ठरतं: अंतर दुप्पट, तर ओढ चौथाई. मोबाइलवरच्या खरेदीत अंतरच उरलं नाही आणि या गणिताचा पाया सुटला. कपडे, बूट, उपकरणं अशा दहा ठिकाणी पाहून घ्यायच्या वस्तूंना याचा फटका जास्त बसला. केस कापणं, दात दाखवणं, चार माणसांत बसणं मात्र पार्सलने घरी येत नाही. पेठ सावरायचा आराखडा इथून सुरू करावा. गेलेली दुकानं परत कशी आणायची, यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही.

आधी मोजणी. रिकामे गाळे नुसते मोजू नका, त्यांचा दर्शनी भाग मीटरमध्ये मोजा. चाळीस मीटरचं एक बंद दालन हे कागदावर ‘एक गाळा’ असतं, रस्त्यावर मात्र पाच मीटरच्या आठ गाळ्यांइतकं भगदाड पडतं. वर्दळीसाठी दर तासाला १० मिनिटं माणसं मोजून आकडा ६ ने गुणतात. कामाचा एक दिवस आणि सुट्टीचा एक, दोन्ही घ्यावेत. मुसळधार पावसातली किंवा सणाच्या दिवशीची मोजणी फसवते. थांबलेली, बसलेली माणसं वेगळी लिहावीत. नुसती जाणारी माणसं भरपूर आणि थांबणारं कुणी नाही, तर ती पेठ नव्हे, वाट आहे.

माणूस ताशी ५ किलोमीटरने चालतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. पाच-सहा मीटरचा गाळा तो चार सेकंदांत ओलांडतो आणि पुढचं दार समोर येतं. १०० मीटरमध्ये १५ ते २० दारं असली की रस्ता जिवंत वाटतो, असं डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल सांगतात. तीस मीटरची आंधळी भिंत म्हणजे एकवीस सेकंद बघायला काहीच नाही. बरेच जण तिथूनच मागे फिरतात.

म्हणून पेठ आखूड करायची. ८०० मीटरच्या रस्त्यावर निम्मे गाळे बंद असतील, तर चालू दुकानं साधारण ४०० मीटरमध्ये, म्हणजे पाच मिनिटांच्या चालीत, जवळ आणावीत. उरलेल्या भागात घरं, कारागिरांच्या जागा, लहान कार्यालयं. हे काम सावकाश होतं; भाडं उतरवलं तर इमारतीचं मूल्यांकनही उतरतं, म्हणून पुष्कळ मालक गाळा रिकामा ठेवणं पसंत करतात.

सर्रास होणारी चूक म्हणजे मधल्याच गाळ्याचं घर करणं. रस्त्याला लागून झोपायची खोली आली की पडदा कायमचा ओढलेला. घरं वरच्या मजल्यांवर न्यावीत, जिन्याचं दार मात्र रस्त्यावरच ठेवावं. मोठ्या दालनाची अडचण निराळी: दारापासून मागच्या भिंतीपर्यंत तीस-चाळीस मीटर, आणि खिडकीतला उजेड जेमतेम सहा-सात मीटर आत पोचतो. मधोमध वरून उघडा चौक कापावा लागतो. ते परवडत नसेल तर दर्शनी आठ-दहा मीटरमध्ये लहान गाळे पाडून मागे गोदाम किंवा सभागृह करता येतं.

माणसं ओढणारं मोठं दुकान गेलं, तर त्या टोकाला वाचनालय किंवा दवाखाना आणावा. त्याचं मुख्य दार मागच्या वाहनतळाकडे उघडलं, तर पेठेला त्याचा काडीचाही उपयोग नाही. वाहनतळ दिवसभर फुकट ठेवला, तर सकाळीच दुकानातल्या नोकरांच्या गाड्यांनी भरतो. वाहनतळांचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांचा ठोकताळा असा: शुल्क असं ठेवा की सुमारे ८५ टक्के जागा भरलेल्या राहतील आणि येणाऱ्याला एखादी मोकळी सापडेल.