स्नायूतला ऑक्सिजन मोजताना त्वचा तापलेली असेल तर

मांडीला पट्ट्याने बांधायचा सेन्सर व्यायाम चालू असताना स्नायूतल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवतो. सायकलपटू आणि धावपटू हा आकडा फार मनावर घेतात. पण त्वचा तापली की त्यातला काही वाटा स्नायूचा उरतच नाही.

सेन्सर साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश आत सोडतो. ऑक्सिजन धरलेले आणि सोडलेले हिमोग्लोबिन तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. हे तंत्र जिवंत ऊतीवर चालते, हे फ्रान्स योब्सिस या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये दाखवले. प्रकाश किती खोल जातो? ढोबळमानाने, सेन्सरमधला दिवा आणि परतलेला प्रकाश टिपणारा भाग यांच्यातल्या अंतराच्या निम्मा. अंतर ३ सेंटिमीटर असेल तर दीड सेंटिमीटर. कॅलिपरने (जाडी मोजायच्या चिमट्याने) धरलेली त्वचेची घडी १६ मिलिमीटर भरली, तर घडीत थर दुहेरी असल्याने त्वचा आणि चरबीतच ८ मिलिमीटर गेले. स्नायूच्या वाट्याला उरले जेमतेम ७. शिवाय वरचा थर प्रकाशाला जाताना आणि येताना असा दोनदा ओलांडावा लागतो.

विश्रांतीत साऱ्या त्वचेतून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त वाहते. कडक उष्णतेत ते ६ ते ८ लिटरपर्यंत जाते. त्वचेला ऑक्सिजन फारसा लागत नाही, त्यामुळे हे रक्त लालभडकच परत फिरते. स्नायू ऑक्सिजन ओरबाडत असला तरी आकडा हवा तितका उतरत नाही, आणि खेळाडूला वाटते, आज दम चांगला आहे.

उष्णतेचा खराखुरा परिणामही असतो, तो उलट्या दिशेचा. ३७ अंशांना हिमोग्लोबिन निम्मे रिकामे होते ते ऑक्सिजनच्या सुमारे २७ मिलिमीटर पारा इतक्या दाबाला. ४० अंशांना सुमारे ३२ला. म्हणजे तापलेल्या स्नायूत ऑक्सिजन अधिक सहज सुटतो. एकाच आकड्यात ही दोन्ही ओढाताण मिसळलेली असते, आणि साधा सेन्सर ती वेगळी करू शकत नाही.

म्हणून सेन्सरशेजारी, त्याच्याखाली नव्हे, त्वचेचे तापमान मोजणारा प्रोब चिकटवा आणि दोन्ही नोंदी एकत्र ठेवा. जागा पेनाने आखून ठेवा. वॉर्मअप दर वेळी सारखाच, १० ते १५ मिनिटांचा. पट्टा करकचून आवळू नका, रक्त दाबले जाते. सैलही नको, घामाने सेन्सर सरकतो. घरातल्या सायकल-ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) एकदा पंखा लावून आणि एकदा न लावता केलेल्या सत्रांची तुलना तर करूच नये.