पोट दाबून काहीच सापडत नाही, तरी दुखणं खरं असतं

आमच्या मावशीला वर्षभर अधूनमधून उजव्या बरगडीखाली कळ यायची, रात्री दीड-दोनला जाग यायची, मळमळायचं, आणि कोथरूडपासून सिंहगड रोडपर्यंतच्या आमच्या सगळ्या गोतावळ्याचं निदान एकच, पित्त झालंय, कोकम घे. घोळ इथेच होतो. आपण ज्याला पित्त म्हणतो ती ॲसिडिटी, अंगावर गांधी उठल्या तरी आपण पित्तच म्हणतो, पण पित्ताशयातलं पित्त वेगळंच, ते लिव्हरमध्ये बनतं, पिशवीत 30 ते 50 मिली साठतं आणि तेलकट-तुपकट खाल्लं की पिशवी आवळते आणि ते आतड्यात सोडते. काही जणांच्या पिशवीत खडा नसतो, सूज नसते, सोनोग्राफी एकदम क्लीन येते, तरी पित्ताशयाच्या दुखण्यासारखी कळ येतच राहते. याला फंक्शनल गॉलब्लॅडर डिसऑर्डर म्हणतात.

मी मावशीसोबत गेले होते. डॉक्टरांनी आधी तिला खिडकीजवळ उभं केलं आणि खालची पापणी ओढून डोळ्यांचा पांढरा भाग बघितला, कारण ट्यूबलाइटमध्ये हलका पिवळेपणा चटकन कळत नाही. मग आडवं झोपवून गुडघे दुमडायला लावले म्हणजे पोट सैल पडतं, उजव्या बरगडीखाली बोटं रुतवली आणि म्हणाले, आता मोठा श्वास घ्या. श्वास घेताना लिव्हर खाली सरकतं, त्याच्याबरोबर पित्ताशयही खाली येऊन बोटांना टेकतं, आणि तिथे सूज असेल तर पेशंटचा श्वास अर्ध्यातच अडकतो. शिकागोचे सर्जन जॉन मर्फी यांच्या नावाने ही खूण ओळखतात. मावशीचा श्वास अडकला नाही. नंतर डॉक्टरांनी बोट तिथेच ठेवून तिला फक्त मान उचलायला सांगितली. पोटाचे स्नायू घट्ट झाल्यावर दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर ते बहुतेक पोटाच्या भिंतीचं असतं, आतल्या अवयवाचं नसतं. तेही नव्हतं. ताप नाही, कावीळ नाही, गोळा नाही.

मावशीचा चेहरा पडला, तिला वाटलं आता सगळे म्हणणार हिच्या मनाचे खेळ आहेत. पण या आजारात दोन अटॅकच्या मधे तपासणी नॉर्मलच येते, अटॅक चालू असताना फार तर तिथे थोडं दाबून दुखतं. उलट ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा तिथे दाबल्यावर श्वास अडकला तर मामला दुसराच असतो, तेव्हा वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

पुढे एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) आणि लायपेज (स्वादुपिंडाची रक्ततपासणी) नॉर्मल आलं की हायडा स्कॅन करतात, म्हणजे शिरेतून किरणोत्सारी द्रव्य देऊन पित्ताशयाचं काम बघतात, त्यात पिशवी किती टक्के रिकामी होते ते मोजतात, साधारण 38 टक्क्यांच्या खाली आलं तर कमी धरतात. पण नुसता आकडा बघून ऑपरेशनची घाई करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण डायबेटिसमुळे किंवा काही पेनकिलरमुळेही तो कमी येऊ शकतो आणि अगदी धडधाकट माणसातही येतो.

म्हणून डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ दिला तो मावशीने आणलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरला. त्यावर तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, कळ कधी सुरू झाली, किती वेळ टिकली, अर्ध्या तासाच्या वर गेली का, संडासला जाऊन, कूस बदलून किंवा ॲसिडिटीची गोळी घेऊन थांबली का. थांबली का, याच्यापुढे बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता, नाही.