चपडीचं पॉलिश की वार्निश?

चपडीचं पॉलिश आणि वार्निश यांत गल्लत होणं अगदी साहजिक आहे. दोन्ही तांबूस-पिवळी, दोन्ही ब्रशनं लावता येतात, दोन्हींनी लाकडाच्या रेषा उठून दिसतात आणि हात नीट बसले तर चकाकीही सारखीच येते. पूर्ण झालेल्या दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर कुठलीला काय लावलंय हे नुसतं बघून मुरलेल्या सुतारालाही खात्रीनं सांगता येत नाही. त्यामुळे हौसेनं लाकूडकाम करणारे बरेच जण हाताशी असेल ते लावून मोकळे होतात. पुढे कधीतरी टेबलावर ग्लासाचा पांढरा गोल उमटतो, किंवा जुन्या थरावर दुरुस्तीचा नवा हात बसत नाही, आणि लाकूडच खराब निघालं असं वाटायला लागतं. लाकूड बिचारं चांगलंच असतं. ही दोन द्रव्यं मुळात वेगवेगळ्या तऱ्हेनं वाळतात. टिकाऊपणा, दुरुस्ती, लागणारा वेळ, अगदी आगीचा धोकासुद्धा, हे सगळे फरक तिथूनच निघतात.

चपडी म्हणजे लाख. केरिया लॅका नावाचा बारीकसा कीटक पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करतो. त्याच्या माद्या रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच तयार करतात. हजारो कवचं एकमेकांना चिकटून फांदीवर जाड पापुद्रा चढतो. तो खरवडून, कुटून, धुतला की लाखदाणा होतो. लाखदाणा वितळवून, गाळून, पातळ ताणून त्याचे तुकडे पाडले की चपडी. हे तुकडे स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, भिजत घातले की काही तासांत विरघळतात आणि पॉलिश तयार होतं. लाकडावर लावल्यावर घडतं ते इतकंच, की स्पिरिट उडून जातं आणि लाख मागे राहते. फांदीवर होती तीच लाख, फक्त पातळ पसरलेली.

वार्निशचं तसं नाही. जुन्या पद्धतीचं वार्निश म्हणजे जवसाचं किंवा टंगचं तेल राळेबरोबर तापवून एकजीव करायचं आणि टर्पेंटाइननं पातळ करायचं. आजच्या डब्यांत नैसर्गिक राळेऐवजी बहुतेक वेळा अल्किड किंवा पॉलियुरेथेन ही कृत्रिम राळ असते, पण तेलाचा आधार तोच. लावल्यावर आधी थिनर उडतो, आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पूर्वी नसलेलाच एक पदार्थ तयार होतो. या काळात तेलाचं वजन कमी न होता उलट वाढतं. हे आपोआप व्हायला फार वेळ लागतो, म्हणून डब्यात कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार थोडे घातलेले असतात.

मिठाचं पाणी आटलं की मागे मीठच उरतं आणि पाणी घातलं की पुन्हा विरघळतं. सिमेंट एकदा धरलं की कितीही पाणी ओता, मागे फिरत नाही. चपडी पहिल्या जातीची, वार्निश दुसऱ्या.

हा फरक सगळ्यात स्पष्ट कळतो तो दुसरा हात मारताना. चपडीच्या थरावर नवं पॉलिश लावलं की त्यातलं स्पिरिट खालच्या थराला थोडं विरघळवतं आणि दोन्ही मिळून एकच थर होतो. दहा हात दिले तरी मधे कुठे सांधा राहत नाही. म्हणूनच बोळ्यानं करायचं फ्रेंच पॉलिश शक्य होतं. आत कापूस किंवा लोकर, वर सुती फडकं, आणि तळाशी एकही चुणी नको, कारण एक चुणी म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एक चरा. बोळा पॉलिशनं ओलसर करायचा, ठिबकेल इतका नाही. हाताच्या पाठीवर टेकवला तर गार लागावा आणि ओल लगेच उडून जावी. मग तो हलता असतानाच लाकडावर टेकवायचा, हलता असतानाच उचलायचा, आणि मधे कुठेही थांबवायचा नाही. थांबलात तर स्पिरिट खालचा थर सोडवतं आणि बोळा तिथेच चिकटतो. सुटा केला की फडक्याच्या विणीचा ठसा उमटलेला दिसतो. सरकायला अडखळायला लागला, तर बोळ्याच्या तळाला तेलाचा एक थेंब पुरतो. मागे धुक्यासारखा एक पट्टा उमटतो आणि लगेच विरतो. तो पट्टा दिसत राहिला की काम बरोबर चाललंय असं समजायचं.

बोळ्याची सवय नसेल तर ब्रश आहेच. ब्रशसाठी लीटरभर स्पिरिटला साधारण २४० ग्रॅम चपडी घ्यावी, बोळ्यासाठी त्याच्या निम्मी. नवशिक्यांचं पॉलिश जवळजवळ नेहमी जास्त दाट असतं. पातळ करा आणि हात जास्त द्या. दहा-पंधरा मिनिटांत हाताला चिकटत नाही, तासाभरात पुढचा हात देता येतो. एवढ्या लवकर वाळणारं असल्यानं ब्रश मात्र एका दिशेनं एकदाच फिरवायचा. राहिलेली जागा मागे वळून झाकायचा मोह झाला, की तिथे गाठ धरलीच. हवा फार दमट असेल तर थर पांढुरका पडतो, म्हणून असा दिवस सोडून द्यावा.

वार्निशला घाई नसते, आणि मला तरी तेच अवघड वाटतं. ब्रश भरून लावा, आडवा पसरवा, मग टोकानं हलकेच रेषेच्या दिशेनं ओढा. ते स्वतःहून सपाट होतं, ब्रशचे माग बुजतात. पण तेवढ्या सगळ्या वेळात ते ओलं असतं, आणि हवेत तरंगणारी धूळ त्यावर येऊन बसते. बारा तासांनी, कधी चोवीस तासांनी, पुढच्या हाताला घ्यावं तर बोटाखाली बारीक खरखर लागते. ती २२० किंवा ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासावीच लागते, आणि तीही नुसती धुळीपायी नव्हे. धरलेल्या वार्निशला नवं वार्निश विरघळवू शकत नाही, ते फक्त वर बसतं. पकडायला ओरखडे हवेत. गुळगुळीत थरावर तसाच मारलेला हात पुढे नखानं पापुद्र्यासारखा निघतो. घासताना पांढरी कोरडी भुकटी पडत असेल तर थर तयार आहे. पेपरवर गोळे जमत असतील तर अजून कच्चा आहे, ठेवून द्या. हाताला कोरडं लागलं तरी पूर्ण कडक व्हायला आठवडे लागतात. तोवर त्यावर जड वस्तू ठेवू नये, नाहीतर तिचा ठसा राहतो.

टिकण्याच्या बाबतीत वार्निश सरळ पुढे आहे. चपडी ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडते, म्हणून गरम भांडं तिच्यावर डाग उठवतं. मद्यात स्पिरिटच असतं, ते सांडलं की थर विरघळतो. साबण, अमोनिया असलेलं क्लीनर, सोडा, म्हणजे अल्कली असलेलं काहीही तिला सोसत नाही. पाणी बराच वेळ साचून राहिलं तर पांढरं उमटतं. वार्निशवर यातल्या बहुतेक गोष्टी पुसून निघतात. उन्हापावसातल्या कामासाठी तर मूळ बोटींकरता निघालेलं स्पार वार्निश घ्यावं. त्यात तेलाचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे लाकूड फुगलं-आटलं तरी थर तडकत नाही. आता त्यात अतिनील किरणं शोषणारी द्रव्यंही घालतात.

मग चपडी लावायचीच कशाला? कारण तिची दुरुस्ती होते. पाण्याचा पांढरा गोल पुष्कळदा स्पिरिटनं जेमतेम ओलसर केलेलं फडकं झरझर फिरवून निघून जातो, कारण थर जरासा सैल होऊन आतली ओल बाहेर पडते. ओरखडा पडला तर त्यावर नवं पॉलिश भरा, ते खालच्यात मिसळतं आणि शिवण दिसत नाही. शंभर वर्षं जुन्या कपाटावरचा थरसुद्धा स्पिरिटनं जागा होतो. वार्निशला चरा गेला की डागडुजी केलेली जागा कायम ओळखू येते. खराब झालेलं वार्निश म्हणजे खरवडणं किंवा रसायनानं उतरवणं, आणि त्यात लाकडाचा वरचा जुना रंगही जातो. जुनं सामान जपणाऱ्यांना चपडी प्रिय असते ती या परतीच्या वाटेमुळे. माझंही मन तिकडेच झुकतं, हे लपवत नाही.

डब्यातली गोष्ट पुन्हा याच नियमानं चालते. वार्निश हवेनं धरतं, म्हणून अर्ध्या रिकाम्या डब्यात त्यावर साय येते. ती ढवळून आत मिसळू नका, कापून काढा आणि खालचं गाळून घ्या. चपडीच्या द्रावणाला हवा तितकी बाधत नाही, पण लाखेतली आम्लं आणि अल्कोहोल यांची आपसात हळूहळू प्रक्रिया होते आणि काही महिन्यांनी पॉलिश वाळेनासंच होतं. बाटली जुनी असेल तर काचेवर एक थेंब टाकून बघावा. तो दुसऱ्या दिवशीही चिकट राहिला तर ती बाटली कामाला घेऊ नका. त्यापेक्षा चपडी कोरडी ठेवावी, ती थंड कोरड्या जागी पुष्कळ टिकते, आणि लागेल तेवढीच भिजवावी.

आता फडक्यांबद्दल. इथली चूक घर जाळू शकते. स्पिरिटचं फडकं पेट घेतं ते ठिणगी किंवा ज्योत जवळ आली तर. म्हणून काम करताना खिडक्या उघड्या हव्यात आणि शेगडी दूर. या स्पिरिटमध्ये बऱ्याचदा विषारी मिथेनॉल असतं, तेव्हा वाफ छातीत भरून घेऊ नये आणि हातमोजे घालावेत. तेलाचं किंवा वार्निशचं फडकं मात्र ठिणगीशिवाय पेटू शकतं. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता बाहेर पडते. फडकं पसरलेलं असेल तर ती उडून जाते, चुरगळून ढिगात टाकलं तर आत साठत जाते आणि काही तासांनी ढीग आपोआप धुमसायला लागतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला आग लागली. ती बाविसाव्या मजल्यावर ठेवलेल्या जवसाच्या तेलाच्या फडक्यांपासून सुरू झाली होती. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले. काम संपलं की अशी फडकी एकेक सुटी करून उघड्यावर पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. कचऱ्याच्या टोपलीत कधीही नाही.

जुनी वस्तू हाती आली आणि तिच्यावर काय आहे कळत नसेल, तर खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. मिनिटभरात थर चिकट झाला, कापसाच्या बोंडाला तपकिरी लागलं, तर चपडी. काहीच झालं नाही तर बहुधा वार्निश. एक तिसरी शक्यता असते. कारखान्यात फवारलेलं नायट्रोसेल्युलोज लॅकर, जे स्पिरिटला फारशी दाद देत नाही पण लॅकर थिनरनं विरघळतं. दुधासारखी दिसणारी, पाण्यावर आधारलेली पॉलियुरेथेनं ही आणखी वेगळी जात, त्यांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू करू नये.

निवडीचं म्हणाल तर जेवणाचं टेबल, ओट्याजवळची फळी, बाहेरचा बाक यांना वार्निश. दागिन्यांची पेटी, चौकट, वाद्य, भिंतीवरचं शेल्फ, लेथवर वळलेल्या छोट्या वस्तू यांना चपडी. लेथवर तर ती विशेष रमते: लाकूड फिरत असताना बोळा टेकवला की घर्षणाच्या उष्णतेनं मिनिटाभरात चकाकी चढते.

दोन्हींचा एकत्र वापरही होतो. राळ असलेल्या गाठीतून तेलकट डाग वर येतो आणि वार्निशला तो रोखता येत नाही, चपडीला येतो. म्हणून आधी चपडीचा पातळ हात द्यायचा, वाळला की हलकं घासायचं आणि वर वार्निश मारायचं. मात्र ती चपडी मेण काढलेली हवी. साध्या चपडीत सुमारे ५ टक्के मेण असतं, द्रावण स्थिर ठेवलं की ते गढूळ होऊन तळाशी बसतं. त्या मेणावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही. मेण काढलेली मिळत नसेल तर बाटली दोन-तीन दिवस अजिबात न हलवता ठेवा, वरचं नितळ पॉलिश सावकाश दुसऱ्या बाटलीत ओतून घ्या आणि तेच वापरा.