घरी बांधलेला जुना पिकअप ट्रक

पन्नास-साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पिकअप ट्रकची केबिन घ्यायची, तिच्याखाली दुसऱ्याच गाडीची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, सरकवायची, तिसरीचे इंजिन आणि चौथीचा मागचा अ‍ॅक्सल बसवायचा आणि हा सगळा संसार घराच्या गॅरेजात स्वतःच्या हातांनी जमवायचा, अशी ही एक अमेरिकन हौस आहे. तिचे माहेर दक्षिण कॅलिफोर्निया. जीर्णोद्धारापासून ती वेगळी धरावी लागते. जीर्णोद्धार करणाऱ्याला गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी असते, अगदी बोल्टच्या डोक्यावरची खूणसुद्धा मूळची. इथे मात्र चेहरा तेवढा जुना ठेवतात, आतले जवळजवळ सगळे बदलतात. अशा ट्रकचे वय विचारले तर एक उत्तर मिळत नाही. केबिन १९५१ ची, चॅसी १९९८ ची आणि इंजिन २००४ चे, असा प्रकार असतो. बांधणाऱ्याचा कस लागतो तो या भागांपेक्षा त्यांच्या सांध्यांवर.

खरे तर पिकअप हा प्रकारच घरगुती खटपटीतून जन्मला. फोर्डची मॉडेल टी मोटार घेतलेले शेतकरी आणि दुकानदार तिची मागची बाजू काढून तिथे लाकडी पेटी ठोकत. लोक हे करतातच, तर आपणच का विकू नये, असा हिशेब करून फोर्डने एप्रिल १९२५ मध्ये कारखान्यातच हौदा बसवलेली मॉडेल टी बाजारात आणली. किंमत होती २८१ डॉलर. म्हणजे कारखान्याने घराची नक्कल केली, आणि पुढे घराने कारखान्याचा माल पुन्हा मोडून जोडायला घेतला.

या मोडजोडीला वेग आला तो १९३२ मध्ये. फोर्डने त्या वर्षी ६५ अश्वशक्तीचे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचे, इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत दिले. अशी इंजिने लवकरच भंगारात स्वस्त मिळू लागली आणि लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडील म्युरॉक, एल मिराज या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांवर पोरे हलक्या केलेल्या गाड्या पळवू लागली. तिथल्या क्लबांची संघटना, सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, १९३७ ची. महायुद्धानंतर परतलेल्या जवानांपैकी अनेकांच्या हाताला वेल्डिंग आणि इंजिनकाम बसले होते. त्यांनी हा नाद गल्लोगल्ली पोचवला. नॉर्म ग्राबोवस्की या तरुणाने पन्नाशीच्या दशकात मॉडेल टीची पुढची बॉडी, फोर्डच्याच मॉडेल ए पिकअपचा आखूड केलेला हौदा आणि कॅडिलॅकचे इंजिन एकत्र आणून जी गाडी बांधली, तिच्यावरून 'टी-बकेट' हा एक स्वतंत्र घाटच रूढ झाला.

आज या कामासाठी मोठी मागणी असते ती दोन ट्रकांना. पहिला शेव्हरोलेचा १९४७ ते १९५५ मधला, 'अ‍ॅडव्हान्स डिझाइन' मालिकेतला ३१०० हा ट्रक. गोलसर बॉनेट, फुगीर मडगार्ड आणि काहींच्या केबिनला मागच्या कोपऱ्यांत वळणदार काचा. या काचांच्या केबिनला भाव जास्त. दुसरा फोर्डचा १९५३ ते १९५६ मधला एफ-१००. त्यातही कडेला वळणारी पुढची काच असलेले १९५६ चे मॉडेल लोक शोधत हिंडतात. हे ट्रक शेतातल्या रस्त्यांसाठी केलेले होते. शेव्हरोलेच्या २१६ घन इंची सहा सिलिंडर इंजिनात कनेक्टिंग रॉडला बॅबिट या मऊ मिश्रधातूची बेअरिंगे होती आणि त्यांना तेल मिळे ते मुख्यतः शिंतोड्यांनी. बाजारहाटाला ते ठीक होते. पण १९५६ च्या कायद्यानंतर देशभर आंतरराज्य महामार्ग झाले, आणि त्यांच्या वेगात तासन् तास पळणे हे या इंजिनाचे कामच नव्हते. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून पॅडलच्या दाबाने तेल ढकलणारा एकच मास्टर सिलिंडर, तोही एकाच मार्गाचा. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. त्यामुळे जुने रूप हवे पण जुने यंत्र नको, या विचाराला नुसती हौस म्हणता येत नाही.

भंगार कुठून येते? अमेरिकेत मोठ्या शहरांच्या कडेला असे वाडे आहेत की जिथे गाड्या रांगेने उभ्या असतात आणि गिऱ्हाईक आपली हत्यारे घेऊन आत जाते, हवा तो भाग स्वतः खोलते आणि दारावर ठरीव दराने पैसे देते. अनुभवी माणूस तिथून नुसते इंजिन आणत नाही. त्याच्यासोबत वायरिंग, संगणक, पॅडल, आधारांचे रबर आणि अगदी लहान कंस-क्लिपासुद्धा उचलतो, कारण पुढे दोन डॉलरच्या वस्तूसाठी आठवडा जातो. जनरल मोटर्सच्या १९९९ नंतरच्या ट्रकांमधले ५.३ लिटरचे ओतीव लोखंडी ब्लॉकचे व्ही-८ हे सध्याचे लाडके इंजिन; अपघातात मोडलेल्या गाड्यांमधून ते मुबलक मिळते. त्याच्या संगणकातून चोरीरोधक कुलूप काढून टाकावे लागते, नाहीतर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते.

चॅसीचे दोन मार्ग आहेत. जुनी चॅसी ठेवून तिच्या पुढच्या भागात १९७४-७८ च्या फोर्ड मस्टँग-२ मोटारीच्या धर्तीचे स्वतंत्र सस्पेन्शन आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग वेल्ड करायचे, हा एक. साठ-सत्तरच्या दशकातल्या एफ-१०० साठी फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया या मोटारीचा अख्खा पुढचा सांगाडा वापरतात. २००३ नंतरच्या या गाड्या पोलिसांत वापरल्या गेल्या, म्हणून त्या वाड्यांत ढिगाने पडलेल्या असतात. दुसरा मार्ग म्हणजे पूर्ण चॅसीच बदलणे. ३१०० ट्रकची केबिन शेव्हरोलेच्याच एस-१० या लहान पिकअपवर चढवतात. दिसायला सोपे. ३१०० च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ११६ इंच, लांब हौद्याच्या एस-१० चे ११७.९ इंच. हा जेमतेम दोन इंचांचा फरकच माणसाला फसवतो. तेवढ्यामुळे मागचे चाक मडगार्डच्या कमानीत मध्यावर न येता मागे सरकलेले दिसते, आणि डोळ्याला ते लगेच खटकते. शिवाय एस-१० चे धुरे अरुंद, म्हणून चाके मडगार्डच्या आत लपल्यासारखी बसतात. मग चाक बाहेर सरकवणारे स्पेसर लावा किंवा रुंद अ‍ॅक्सल शोधा, हे आले.

कापण्याआधीची मापे इथे सगळे ठरवतात. चॅसी घोड्यांवर समतल उभी करतात, तिच्यावरच्या ठरलेल्या भोकांतून ओळंबा सोडतात आणि जमिनीवर खडूने खुणा करतात. मग कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे; दोन सुतांचाही फरक आला तर आधी तो काढायचा. केबिनची गंजलेली तळाची पाटी कापण्यापूर्वी दोन्ही दारांच्या उघड्या चौकटींत आडव्या-तिरप्या लोखंडी नळ्या वेल्डिंगचे टाके मारून ठेवतात. ही तासाभराची मेहनत वाचवणाऱ्याला पुढे भोगावे लागते: पाटी निघाली की केबिन हळूच पसरते, आणि नवी पाटी वेल्ड झाल्यावर दार काही केल्या लागत नाही.

गंज हा या कामातला खरा घरमालक. केबिनचे खालचे मागचे कोपरे, पायरीखालची पोकळी आणि पायाखालचा पत्रा ही त्याची आवडती ठिकाणे, कारण तिथे पाणी आणि माती साठते. वरून बोटभर फोड दिसला तर आत वीतभर पत्रा गेलेला असतो. तो चांगल्या धातूपर्यंत कापून तिथे साधारण १८ गेजच्या पत्र्याचे ठिगळ बसवतात. वेल्डिंगची सलग ओळ ओढायची नसते. एक ठिपका इथे, पुढचा चार बोटे पलीकडे, मग उलट टोकाला, आणि मध्ये हात लावण्याइतके थंड होऊ द्यायचे. घाई केली की उष्णतेने पत्रा ओढला जातो आणि गुळगुळीत कोपऱ्याची पुरी होते. नंतर हातोडी आणि मागे धरलेल्या लोखंडी डॉलीने तो ठोकून सरळ करायचा. लांबी, म्हणजे पुट्टी, उरलेल्या बारीक खळग्यांसाठी असते. तिच्यानेच कोपरा घडवणारे कारागीर जगात सर्वत्र आहेत. गंज काढायला धुण्याचा सोडा मिसळलेल्या पाण्यात तो भाग बुडवून बॅटरी चार्जरने वीज सोडण्याची युक्ती घरोघरी चालते. त्यात विजेच्या दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टीलची पट्टी मात्र वापरू नये. विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग लगेच वेल्ड करणे तर त्याहून वाईट, त्यातून फॉस्जीन वायू निघू शकतो.

पुढची जोडणी म्हणजे कोनांचे गणित. इंजिन-गिअरबॉक्सची रेषा आणि मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या डिफरन्शिअलच्या पिनियनची (त्यात शिरणाऱ्या दातेरी दांड्याची) रेषा एकमेकींना समांतर असाव्या लागतात. गिअरबॉक्स तीन अंश खाली झुकला असेल तर पिनियन तेवढाच वर. ते चुकले तर या दोहोंना जोडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची दोन्ही टोकांची क्रॉस-जॉइंट एकमेकांची थरथर खोडून काढत नाहीत आणि ठरावीक वेगाला सगळी केबिन गुणगुणू लागते. ब्रेकचेही तसेच. जुना पॅडल तळाखाली असतो. तिथेच नवा दुहेरी मास्टर सिलिंडर लावला तर तो चाकावरच्या कॅलिपरपेक्षा (डिस्क ब्रेकच्या पकडीपेक्षा) खाली येऊ शकतो, आणि तेल उताराने परत येते. म्हणून नळीत थोडा दाब धरून ठेवणारे व्हॉल्व्ह घालतात, डिस्कसाठी २ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), ड्रमसाठी १०. या ट्रकांची वीजही ६ व्होल्टची. १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकन गाड्या १२ वर गेल्या. त्यामुळे जुने वायरिंग बहुधा मुळासकट उपटतात. १९४९ पासून शेव्हरोलेच्या केबिनमध्ये पेट्रोलची टाकी बैठकीच्या पाठीमागे असे. ती तिथून हलवून हौद्याखाली नेणे हा बहुतेकांचा पहिला शहाणपणा.

रंगाबाबत दोन पंथ आहेत. एक आरशासारखी चकाकी आणतो. दुसरा उडालेला रंग, गंजाचे तांबूस पट्टे आणि दारावरचे अर्धे पुसलेले दुकानाचे नाव तसेच ठेवून त्यावर उकळलेले जवसाचे तेल किंवा मॅट लेप फिरवतो. नव्वदीच्या दशकापासून 'रॅट रॉड' नावाने पसरलेली मुद्दाम ओबडधोबड शैली याच पंथाची टोकाची शाखा. तिच्यातल्या काही गाड्यांचे वेल्डिंग पाहिले तर ओबडधोबडपणा शैलीत आहे की कामात, हे सांगणे कठीण जाते. हौद्यात मात्र दोघांचे एकमत. मधे पोलादी पट्ट्या घातलेल्या लाकडी फळ्या, बहुधा ओकच्या, वॉर्निश देऊन बसवतात. मग त्यावर ओरखडा उठू नये म्हणून फाळका उघडून सामान चढवायला कोणी धजत नाही.

उरतो कागदांचा सांधा. अनेक भागांच्या गाडीचे वर्ष कोणते धरायचे, याचे नियम अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळे. कॅलिफोर्नियात अशा 'खास बांधलेल्या' वाहनांपैकी वर्षाला पहिल्या ५०० ना धुराच्या तपासणीत इंजिनाचे किंवा गाडी ज्या मॉडेलसारखी दिसते त्याचे वर्ष धरण्याची सवलत मिळते. एका ट्रकची कारखान्याच्या ओळख क्रमांकाची पट्टी काढून दुसऱ्यावर ठोकणे हा मात्र संघीय गुन्हा होऊ शकतो. भारतात २०२१ च्या नियमांनी 'विंटेज' वाहनाची व्याख्या केली ती ५० वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि मोठा फेरबदल न झालेले अशी. चॅसी बदललेला ट्रक तिच्यात बसत नाही. अमेरिकेतले मुरलेले लोक जुनी केबिन बघायला गेले की आधी दाराच्या चौकटीवरच्या पट्टीचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून पाहतात. पत्र्याची भोके त्यानंतर मोजतात.