चुना तंबाखूला काय करतो?

मागच्या आठवड्यात वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एक माथाडी काका म्हणाले, "बिडी कधीच सोडली, आता फक्त मळून खातो. धूरच नाही, मग हार्टला काय व्हायचंय?" काका निपाणीकडचे, घरचं तंबाखूचं रान. हा समज इतक्या जणांकडून ऐकलाय की आता लिहायलाच हवं.

सगळी मेख चुन्याच्या डबीत आहे. पेशीचं आवरण स्निग्ध असतं, त्यातून विद्युतभार असलेला रेणू सहज जात नाही. तंबाखूतल्या निकोटिनचा रेणू आम्लात एक प्रोटॉन (धनभाराचा कण) धरून ठेवतो, म्हणजे भारित असतो. अल्कलीत तो प्रोटॉन सुटतो. पीएच म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, जितका जास्त तितकं अल्कली. पीएच ७ ला दहातला जेमतेम एक रेणू असा मोकळा असतो, ८ ला निम्मे, ९ ला दहातले नऊ! लाळेचा पीएच सातच्या आसपास, चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर. चुना मळून बार भरला की गालफडातला पीएच चढतो आणि मोकळं झालेलं निकोटिन तिथूनच रक्तात उतरतं. बिडीचा झटका लवकर ओसरतो. बार मात्र बराच वेळ झिरपत राहतो.

रक्तातलं निकोटिन मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना ॲड्रेनलिन सोडायला लावतं. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, हृदयाच्या धमन्या आकसतात. पाठीवर ५० किलोची गोणी घेतलेलं हृदय जास्त प्राणवायू मागत असतं, आणि नेमकी तेव्हाच त्याची वाट अरुंद होते. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक आढळली.

रानात तर तंबाखू तोंडात घालावीही लागत नाही. दहिवरानं भिजलेले शेंडे खुडताना निकोटिन त्या पाण्यात विरघळून कातडीतून आत शिरतं. तंबाखू सोडायला कातडीवर चिकटवतात तो निकोटिनचा पॅच याच वाटेनं काम करतो. मग मळमळ, गरगर, उलट्या. 'तंबाखू लागली' हे गावातलं नाव अगदी अचूक आहे. नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळत बसू नये. ओले कपडे बदलावेत, हातपाय साबणानं धुवावेत, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा.

आणि मिश्री. ती भाजलेली तंबाखूच. दिवसातून दोनदा ती हिरड्यांना चोळणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही, डॉक्टरांनी विचारलं तरी "नाही" म्हणते. मिश्रीबद्दल वेगळं विचारायला हवं. बीपी मोजायचं तर बार थुंकून, चूळ भरून निदान अर्धा तास बसावं. नाहीतर पट्ट्यात निकोटिनचं बीपी मोजलं जातं.