रजिस्टर्ड व्हॅल्युअर व्हायचंय? परीक्षेपेक्षा कागदच जास्त नडतात

"परीक्षा पास झालो, आता मूल्यांकनाच्या रिपोर्टवर सही करू ना?" हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की उत्तर तोंडपाठ झालंय: नाही. आयबीबीआयचा (व्हॅल्युअरची नोंदणी करणाऱ्या भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाचा) नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली सही करता येत नाही.

नियम २०१७ चे आहेत. मालमत्तेचे वर्ग तीन: जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि शेअर्स व आर्थिक मालमत्ता. प्रत्येकाची परीक्षा वेगळी. इथे तिसऱ्या वर्गाबद्दल लिहितोय.

वाट सरळ आहे. एखाद्या नोंदणीकृत व्हॅल्युअर संघटनेचं (आरव्हीओचं) सभासदत्व घ्यायचं, तिचा ५० तासांचा कोर्स करायचा, दोन तासांची ऑनलाइन परीक्षा द्यायची. पास व्हायला ६० टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. मग आरव्हीओच्या शिफारशीसह आयबीबीआयकडे अर्जाचा फॉर्म 'ए' आणि ५,००० रुपये शुल्क.

अडतं ते पात्रतेत. सीए, सीएस (कंपनी सचिव), सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) यांच्या संस्थांचे सभासद चालतात. फायनान्समधलं एमबीए किंवा पदव्युत्तर पदवीही चालते. नुसतं बीकॉम चालत नाही, अमेरिकेचं सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट) सुद्धा नाही. एमबीएवाल्यांची गंमत अशी, की पुष्कळदा पदवीपत्रावर फक्त 'एमबीए' छापलेलं असतं, फायनान्सचा उल्लेखच नाही. तेव्हा मार्कशीट काढून ठेवा. तिच्यावरही नसेल, तर विद्यापीठाचं पत्र आणा. विद्यापीठाच्या खिडकीवर ते किती दिवसांत मिळतं हे मी सांगायला नको, म्हणून अर्जाच्या कितीतरी आधी मागा.

अनुभव तीन वर्षांचा हवा, आणि तो पात्रता मिळाल्या*नंतरचा*. नियमातला हा एक शब्द भल्याभल्यांना आडवा येतो. समजा, २०१७ पासून बँकेत नोकरी आहे आणि एमबीए जून २०२३ मध्ये झालं, तर मोजणी जून २०२३ पासून. सीएंची आर्टिकलशिपही (सीए होण्याआधीची उमेदवारी) यात धरत नाहीत. उलट, अनुभव व्हॅल्युएशनचाच हवा असं समजून कित्येक जण उगाच मागे राहतात. त्या विषयातली प्रॅक्टिस किंवा नोकरी पुरते.

तो सिद्ध करणारं पत्र मात्र नीट हवं. एकाने आणलेल्या पत्रात लिहिलं होतं, "सदर गृहस्थ बऱ्याच वर्षांपासून आमच्याशी संलग्न आहेत." आता 'बऱ्याच' म्हणजे किती, हे कोण ठरवणार? कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या पदावर, काम काय, हे लेटरहेडवर सही-शिक्क्यासह हवं. स्वतःची प्रॅक्टिस असेल तर तिचे पुरावे आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं.

नावाचा घोळ आपल्याकडे ठरलेलाच. मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, पॅनवर वडिलांचं नाव मधे, लग्नानंतर आधारवर तिसरंच काही. एका सीए बाईंची सभासदत्वाची नोंद माहेरच्या नावाने, पॅन सासरच्या. सगळी पात्रता असून अर्ज तेवढ्यावर अडकला. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद सुरुवातीलाच जोडा. कुणी मागायची वाट पाहू नका.

आता मुदती. परीक्षा पास झाल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज व्हायला हवा. "सवडीने करू" म्हणणाऱ्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागते. प्रमाणपत्र ६० दिवसांत मिळतं असं वाचून ६१ व्या दिवशी चिडू नका. त्रुटी दुरुस्त करायला तुम्हाला दिलेला वेळ त्यातून वगळतात. ती दुरुस्ती करायला २१ दिवस मिळू शकतात. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीसाठी एक ईमेल येतो, आणि तो स्पॅममध्ये पडला तर तुमचं नशीब! मेल रोज उघडा.

दुबई-सिंगापूरहून विचारणाऱ्यांसाठी: अर्जदार भारतात निवासी असावा लागतो. पासपोर्ट भारतीय असणं एवढंच पुरत नाही.

आणि संपत्तिकर कायद्याच्या कलम ३४एबी खालची नोंदणी ही वेगळी भानगड आहे. ते जुनं प्रमाणपत्र घेऊन इथे येऊ नका.