बार्जेलो: तुरुंग आधी की पुतळे आधी?

फ्लॉरेन्सचं बार्जेलो संग्रहालय म्हणजे ‘मध्ययुगीन तुरुंगात मांडलेली रेनेसाँ शिल्पं’, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. इमारत मध्ययुगीन आहे आणि तुरुंगही होता. फक्त दोन्हींचा काळ एक नाही.

बांधकाम १२५५ मध्ये सुरू झालं ते शहराच्या कारभारासाठी. पुढे इथे पोदेस्ता, म्हणजे परगावाहून नेमलेला मुख्य न्यायाधिकारी, राहू लागला. त्यामुळे शिक्षा इथे होत, फाशीही. १४७९ मध्ये फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याविरुद्धच्या कटातल्या बर्नार्दो बारोन्चेल्लीला इथेच लटकवलं आणि लिओनार्दोने त्या प्रेताचं रेखाटन केलं. पण मध्ययुगीन शहराचा मोठा तुरुंग वेगळा होता: ‘ले स्तिंके’. तो एकोणिसाव्या शतकात पाडला गेला, म्हणून विस्मरणात गेला असावा.

पोलिसप्रमुख, म्हणजे ‘बार्जेलो’, या वाड्यात आला १५७४ मध्ये, आणि वाडा खऱ्या अर्थाने तुरुंग झाला. तोवर मायकेलअँजेलोला जाऊन दहा वर्षं झाली होती! म्हणजे आत दिसणारा त्याचा बॅकस (मद्यदेवतेचा पुतळा), दोनातेल्लोचा ब्राँझचा डेव्हिड, बाप्तिस्मागृहाच्या दरवाजासाठी झालेल्या १४०१ च्या स्पर्धेतले ब्रुनेलेस्की आणि गिबेर्तीचे फलक, हे सगळं त्या तुरुंगाहून जुनं. संग्रहालय झालं १८६५ मध्ये.

तुरुंगाच्या खुणा शोधत फिरू नका, फारशा सापडणार नाहीत. मॅग्दालेनच्या प्रार्थनागृहात मात्र जरूर थांबा. चुन्याखाली गाडलेली तिथली भित्तिचित्रं १८४० मध्ये उघडी पडली. त्यांत कवी दान्तेचा चेहराही आहे.